सक्तीची निवृत्ती : रत्नागिरीतील थिबा राजाची तीस वर्षे

'पेन्शन' हा शब्द मराठीत आला आणि इतका रुळला की त्याला पर्याय म्हणून घडवलेला 'निवृत्तिवेतन' हा शब्द आजही बहुधा सरकारी कागदांतच भेटतो. पेन्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सेवा संपवून घरी बसलेला शिक्षक किंवा कारकून. अलीकडे या चित्रात आणखी एकाची भर पडली आहे. युरोप-अमेरिकेत नोकरी करून पनामा, कोस्टारिका यांसारख्या उष्ण कटिबंधातील छोट्या देशात, किंवा आपल्याकडे गोव्यात, उरलेले आयुष्य काढायला येणारा परदेशी निवृत्त. स्वस्ताई, ऊन, समुद्र आणि भरपूर रिकामा वेळ ही त्याची अपेक्षा असते. तिकडचे मध्यम पेन्शन इकडे आल्यावर भरभक्कम होते आणि कंटाळा आला तर परतीचे तिकीट काढता येते.

या चित्रातील फक्त एक रेषा बदलून पाहावी. परतीचे तिकीट काढून घ्यावे. मग जे उरते, ते महाराष्ट्राच्या इतिहासात प्रत्यक्ष घडून गेले आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. ज्या वयात आमचे विद्यार्थी पहिली नोकरी शोधत असतात, त्या वयात हा माणूस पेन्शनर झाला आणि पुढली तीस वर्षे त्याने एका परक्या, लहानशा, उष्ण आणि दमट गावात काढली. त्याच्या राज्यारोहणाचा आणि पाडावाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आम्हाला येथे विचार करावयाचा आहे तो त्या तीस वर्षांतील रोजच्या दिवसाचा.

चोपड्यासारख्या ठिकाणी बसून रत्नागिरीच्या राजबंद्याविषयी लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. एक कारण असे की, गादीवरून उतरवलेल्या राजाला पैसे देऊन दूर बसवण्याची रीत आमच्या परिसराला जुनी परिचित आहे. सातपुड्याच्या ओळीत आमच्या पूर्वेला असीरगड आहे. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला आणि खान्देशाचा शेवटचा फारुकी सुलतान बहादूर याला ग्वाल्हेरला नेण्यात आले. त्याच असीरगडाच्या परिसरात जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन आणि कानपूरजवळचे बिठूर, असा सौदा ठरला. १८३९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज काशीला पाठवले गेले. तेव्हा थिबा हा कंपनी सरकार व नंतरच्या राणी सरकारच्या एका ठरलेल्या पद्धतीतील पुढचा माणूस होता. ती पद्धत अशी की राजाला मारायचे नाही, मारले तर तो हुतात्मा होतो. त्याला त्याच्या लोकांपासून, त्याच्या भाषेपासून दूर न्यायचे आणि दरमहा रक्कम द्यायची, म्हणजे तो हळूहळू विस्मृतीत जातो. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठवले गेले. तो तेथे १८६२ मध्ये वारला. त्यानंतर तेवीस वर्षांनी ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात आला. ही देवाणघेवाण साम्राज्याच्या दृष्टीने केवळ प्रशासकीय सोय होती.

पेन्शनची एक दुसरी बाजूही या संदर्भात लक्षात घेतली पाहिजे. त्याच काळात हिंदुस्थानात नोकरी केलेले इंग्रज अधिकारी निवृत्त होऊन इंग्लंडात परत जात होते आणि त्यांचे पेन्शन येथील महसुलातून तिकडे जात होते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला, त्यात या पेन्शनांची रक्कम महत्त्वाची आहे. म्हणजे राज्य करणारा पेन्शन घेऊन आपल्या घरी जात होता आणि ज्याचे राज्य गेले तो पेन्शन घेऊन घराबाहेर राहत होता. दोघांच्याही पेन्शनांचा भार अखेर येथल्या रयतेवर होता. एकच शब्द, पण एकाला तो सेवेचा मोबदला होता आणि दुसऱ्याच्या पायातील दोरी.

दुसरे कारण सागाचे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना साग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. घराचे तुळई-खांब, लाकडाचे व्यापारी, वनखात्याची नाकी आणि आदिवासींचे जंगलावरील हक्क हे सारे येथे एका झाडाभोवती फिरते. थिबाचे राज्य ज्या निमित्ताने गेले, ते निमित्त सागाचेच होते. वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातील जंगलांतून सागाचे ओंडके काढीत असे. कंपनीने ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा कर चुकवला, असा मंडालेच्या मंत्रिमंडळाचा ठपका होता आणि १८८५ मध्ये तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड झाला. या दंडाचा वाद आणि राजाची फ्रेंचांशी चाललेली बोलणी यांतून युद्ध आले. नोव्हेंबर १८८५ मध्ये सुरू झालेले हे युद्ध दोन आठवड्यांत संपले. २९ नोव्हेंबरला राजा, राणी सुपयालत, धाकटी राणी, राजमाता आणि दोन लहान मुली यांना बोटीवर चढवण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला. मुंबईच्या एका कंपनीच्या लाकडावरून गेलेल्या राज्याचा धनी पुढे मुंबई इलाख्यातच ठेवला जावा, यात योजना नसेलही, परंतु अर्थ आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थिबा हा निष्पाप बळी नव्हता. १८७८ मध्ये तो गादीवर आला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातील अनेक पुरुष, स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली. हुकूम त्याचा की राणीचा व तिच्या आईचा, यावर वाद आहे. जबाबदारी राजाची होती, यावर वाद होऊ शकत नाही. राज्यावर येण्यापूर्वी तो बौद्ध मठात शिकलेला, पालीच्या परीक्षेत चमकलेला विद्यार्थी होता. 'थिबा' हे त्याचे व्यक्तिनामही नव्हे. शान प्रदेशातील एका गावाची जहागीर त्याच्या नावे होती, म्हणून तो थिबाचा राजपुत्र. ज्याला आपण आयुष्यभर नावाने हाक मारली असे रत्नागिरीकरांना वाटते, ते नाव मुळात एका दूरच्या गावाचे होते.

आता त्या दिवसाकडे वळू. मंडाले हे ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातील शहर आहे. तेथे पाऊस बेताचा, उन्हाळा कडक आणि जवळून वाहणारी मोठी नदी. तापीकाठी राहणाऱ्या माणसाला ते हवामान सहज समजेल. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणारा पारा आणि पावसाकडे लागलेले डोळे दोन्हीकडे सारखेच. या कोरड्या मुलखातून राजा रत्नागिरीला आला आणि दीड-दोन महिन्यांतच त्याच्यावर कोकणचा पावसाळा कोसळला. कोकणी माणसाला जो पाऊस घरचा वाटतो, तो खान्देशी माणसालाही पहिल्या वर्षी कैदेसारखा वाटतो, हे नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आमच्याकडची मंडळी सांगतात. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. ती येण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली. मुंबईशी मुख्य संबंध आगबोटीचा आणि पावसाळ्यात तोही तुटे. सरकारने हे गाव निवडले, त्यामागे हा एकाकीपणाच होता. वेगळे तुरुंगाचे कुंपण घालण्याची गरज नव्हती.

प्रारंभीची चोवीस वर्षे हे कुटुंब टेकडीवरच्या बंगल्यांत राहिले. अमिताव घोष यांच्या कादंबरीत या निवासाला 'आउट्रम हाउस' म्हटले आहे. आउट्रम हे नाव खान्देशात अपरिचित नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने येथे भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे चोपड्याजवळच्या धरणगावला होते. ही पलटण म्हणजेही एका अर्थी बंदोबस्ताचाच प्रकार. डोंगरातल्या बंडखोरांना पगार देऊन शिस्तीत बसवायचे. पगार आणि पेन्शन ही दोन्ही त्या राजवटीची शस्त्रे होती. आम्ही बंदुकांचा इतिहास शिकवतो, पण या दोन शस्त्रांकडे पुरेसे लक्ष देत नाही.

दिवस कसा जाई? राजाला भेटायचे तर परवानगी लागे. बाहेर जायचे तर पहारा सोबत असे. त्याच्यावर देखरेखीसाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमलेला होता. घरात काय घडले, कोण आले, किती खर्च झाला, कोणाची प्रकृती बिघडली, याचे अहवाल तो मुंबई सरकारला पाठवी. मंडालेहून आलेले सेवक एकेक करून परत गेले, त्यांच्या जागी स्थानिक माणसे आली. दरबाराचे रिवाज मात्र राणीने सोडले नाहीत. राजासमोर येणाऱ्याने जमिनीवर बसूनच यायचे, हा मंडालेचा नियम टेकडीवरच्या त्या घरातही चालू राहिला. बाहेर सत्ता उरली नाही, म्हणून आत शिष्टाचार अधिक कडक झाला. पडत्या काळातील आपल्याकडच्या वाड्यांतही हेच दिसते.

पैशाची चणचण हा या घराचा कायमचा विषय होता. राजाला हिशेबाची सवय नव्हती आणि राणीला काटकसरीची. मंडालेहून आणलेले दागिने आणि माणके टप्प्याटप्प्याने विकली गेली. गावातल्या आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना त्यात चांगली कमाई झाली. सर्वांत प्रसिद्ध असलेले 'न्गामौक' माणिक मात्र आलेच नाही. मंडाले सोडताना ते कर्नल स्लेडनच्या हाती गेले आणि परत मिळाले नाही, असा राजघराण्याचा अखेरपर्यंत आरोप होता. राजा वारंवार अर्ज करीत राहिला. अर्ज दागिन्यांसाठी, अर्ज वाढीव पेन्शनसाठी, अर्ज मोठ्या घरासाठी, अर्ज मुलींच्या लग्नासाठी. एकेकाळी ज्याच्या मुखातला शब्द हुकूम असे, त्याच्या हाती आता एकच लेखनप्रकार उरला होता, तो म्हणजे विनंतीअर्ज. साहित्याच्या अभ्यासकाने या अर्जांकडे लेखनप्रकार म्हणून पाहावे, असे आम्हाला वाटते. ज्या सरकारने राज्य घेतले त्याच सरकारला आदराने संबोधून आपले दुःख रकान्यांत बसवून सांगायचे, ही एकोणिसाव्या शतकातील पदच्युत सत्ताधीशांची समान शैली आहे. प्रतापसिंह महाराजांच्या बाजूने रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे याच शैलीत झगडले.

मोठे घर अखेर १९१० मध्ये तयार झाले. लाल जांभ्या-विटांचे, उतरत्या छपरांचे, कोरीव लाकडी अर्धगोल खिडक्यांचे, मध्ये चौक असलेले. तेथून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. राजा गच्चीवरून येणारी-जाणारी गलबते न्याहाळीत असे, अशी आठवण रत्नागिरीत सांगतात आणि घोष यांनी तिचा कादंबरीत फार सुंदर उपयोग केला आहे. आज तेथे संग्रहालय आहे आणि जवळच्या टेकडीवरील 'थिबा पॉइंट' सूर्यास्त पाहणाऱ्या पर्यटकांनी भरलेला असतो.

याच १९१० च्या अखेरीस ब्रह्मदेशात काय चालले होते? मंडालेचा राजवाडा इंग्रजांनी 'फोर्ट डफरिन' केला होता. त्या कोटाच्या आतील तुरुंगात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून शिक्षा भोगत होते. थिबा टिळकांच्या जन्मगावी नव्या वाड्यात राहायला गेला, त्याच हिवाळ्यात टिळकांनी थिबाच्या कोटात बसून 'गीतारहस्य' लिहून काढले. हा योगायोग अनेकांनी सांगितला आहे आणि तो बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात गंमतीपेक्षा अधिक काही दिसते. 'गीतारहस्या'चा मुख्य वाद निवृत्तीशी आहे. गीता कर्मसंन्यास सांगत नाही, कर्मयोग सांगते, हे टिळक मांडत होते. हाताला काम नसलेल्या कोठडीत बसून ते प्रवृत्तीची बाजू घेत होते. रत्नागिरीत त्याच वेळी एक माणूस होता ज्याला निवृत्ती मिळाली होती, पण त्याने ती स्वीकारलेली नव्हती. आपल्या परंपरेत निवृत्ती ही मनाने घ्यावयाची गोष्ट आहे. तिला एक प्रतिष्ठा आहे. ज्ञानेश्वरांच्या गुरूंचे नावच निवृत्ती. थिबाला बौद्ध मठातील त्यागाचे शिक्षण होते. तरीही सरकारने दिलेली निवृत्ती आणि मठाने शिकवलेला त्याग या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. काम हिरावून घेतले म्हणजे माणूस विरक्त होत नाही, तो फक्त रिकामा होतो. टिळकांजवळ लेखणी होती आणि सुटकेची तारीख होती. थिबाजवळ दोन्ही नव्हते. १९१४ मध्ये टिळक परत आले, थिबा परत गेला नाही.

राजाचा काळ थांबला होता, मुलींचा मात्र थांबणार नव्हता. चार मुलींपैकी दोघी मंडालेत, तिसरी मद्रासेत आणि चौथी रत्नागिरीत जन्मली. त्यांच्या भोवती मराठी बोलणारी माणसे होती, त्यांचे बालपण कोकणात गेले. ब्रह्मी राजघराण्यात विवाह घराण्यातच होत आणि योग्य वर मिळत नव्हता. मिळाला तर राणीला पसंत नव्हता. मुली तिशीकडे झुकल्या. अखेर पहिल्या राजकन्येला राजवाड्यातील एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. तिला पुढे रत्नागिरीने 'टुटू' म्हणून ओळखले. दुसऱ्या राजकन्येने आईच्या इच्छेविरुद्ध राजाच्या एका माजी चिटणिसाशी लग्न केले. या घटना सरकारी कागदांत 'प्रकरणे' म्हणून येतात. आमच्या मते त्या तीस वर्षांत या घरात घडलेल्या सर्वांत स्वाभाविक गोष्टी त्याच होत. सत्तेने सगळ्या वाटा बंद केल्या तरी माणसे शेजारच्या माणसांत मिसळतात. राजा आयुष्यभर परदेशी राहिला, त्याची नात मात्र रत्नागिरीची झाली. तिने मराठी संसार केला, गरिबीत दिवस काढले आणि २००० साली ती तेथेच वारली. राजकन्येच्या वाट्याला आलेल्या या मिसळण्यात केवळ सलोखा नव्हता, फसवणूक आणि उपेक्षाही होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच २००० साली घोष यांची 'द ग्लास पॅलेस' प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी इंग्रजी वाचकांना थिबाची ओळख होती ती मुख्यतः किपलिंगच्या 'मंडाले' या कवितेतून, आणि तीही राणीच्या नावापुरती. किपलिंग स्वतः मंडालेला कधी गेलाच नव्हता. घोष यांनी पुढच्या वर्षी ही कादंबरी राष्ट्रकुल लेखक पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली. ज्या साम्राज्याच्या स्मरणाविषयी ती प्रश्न विचारते, त्याच साम्राज्याच्या नावाने तिचा गौरव व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते. मराठीत मधु मंगेश कर्णिक यांनी थिबावर कादंबरी लिहिली आहे. २०१२ मध्ये सुधा शाह यांचे 'द किंग इन एक्झाइल' हे चरित्रात्मक पुस्तक आले आणि राजकन्यांच्या आयुष्याची नीट मांडणी प्रथमच सर्वसामान्य वाचकांपुढे आली.

या सर्व लेखनापुढची खरी अडचण साधनांची आहे. थिबाच्या दिवसाचे सर्वांत तपशीलवार वर्णन ज्यांनी लिहून ठेवले, ते त्याचे पहारेकरी होते. पहारेकरी खर्च लिहितो, भेटी लिहितो, आजार लिहितो. संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या माणसाच्या मनात काय होते, हे लिहिणे त्याचे काम नसते. ती जागा कादंबरीकार भरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कादंबरीकाराचा मत्सर करू नये आणि त्याच्यावर विसंबूही नये. पहारेकऱ्याच्या कागदांत काय नाही, याची यादी करणे हेही इतिहासाचेच काम आहे. त्या यादीत राजापेक्षा त्याच्या घरातील मराठी नोकर-मोलकरणींची नावे अधिक असतील. परक्या राजाबरोबर त्यांनीही तीस वर्षे काढली. त्यांच्या तोंडची किती ब्रह्मी वाक्ये, किती पदार्थ, किती गाणी रत्नागिरीत शिल्लक राहिली असतील, याचा शोध कोकणातील महाविद्यालयांनी घ्यावा. आमच्याकडे खान्देशातही भिल्ल पलटणीतील शिपायांच्या घरांतून असे काही शोधता येईल.

राजाच्या मृत्यूनंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. राणीला त्याचा देह मायदेशी न्यावयाचा होता. सरकारने परवानगी दिली नाही. १९१२ मध्ये वारलेली धाकटी राणी आणि राजा यांना १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी देण्यात आली. सुपयालत त्याच वर्षी रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये वारली. मंडाले तिला पुन्हा दिसले नाही. चौथ्या राजकन्येने पुढे सरकारकडे राज्याच्या आणि संपत्तीच्या हक्काची उघड मागणी केली. सरकारने तिला मौलमीनला धाडले आणि १९३६ मध्ये ती तेथे वारली. म्हणजे हद्दपारीत जन्मलेल्या मुलीला 'मायदेशात' पुन्हा हद्दपारी आली. पहिली राजकन्या ब्रह्मदेश पाहून रत्नागिरीलाच परत आली. तिच्यापुरते पाहिले तर परके कोणते आणि घरचे कोणते, याचा निकाल तिने स्वतःच्या पायांनी दिला होता.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीपाशी आले. समाधी नेण्याची चर्चा मधूनमधून होते. जफरची कबर रंगूनमध्ये आणि थिबाची रत्नागिरीत आहे. दोन्ही देशांचे पाहुणे एकमेकांकडे फुले वाहून जातात. समाधी हलवण्याविषयी मत देण्याचा अधिकार आम्हाला नाही, तो त्यांच्या वंशजांचा आणि देशवासीयांचा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र एवढे लक्षात ठेवावे की, राजांच्या इतिहासात लढाया काही आठवड्यांच्या असतात. थिबाची लढाई दोन आठवड्यांची होती. त्यानंतरचे अकरा हजारांवर दिवस पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत मावतात आणि माणूस जगतो तो त्याच दिवसांत.